तीन दिवसांत खुलासा करावा

११ जानेवारी

आज भिकीला मारलं. चौथीतली पोर, नऊ वर्षांची, माझ्या कमरेएवढी. सगळ्या मुलींसमोर कानाखाली मारली.

नोव्हेंबरपासून आमच्या तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलते आहे. आधी खाणीत सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो, मग पत्रे वाजतात, मग पाय लटपटतात. कधी दिवसातून एकदा, कधी सहा वेळा. आमची आश्रमशाळा, त्यामुळे मुली इथेच राहतात, आणि मी त्यांची अधीक्षिका, म्हणजे आई, पोलीस, नर्स आणि उवा काढणारी बाई. वसतिगृहाच्या दक्षिणेकडच्या भिंतीला छतापासून फरशीपर्यंत चीर गेली आहे. तिच्यात माझी करंगळी जाते. डिसेंबरपासून आम्ही मैदानात निळ्या ताडपत्रीखाली झोपतो.

आज संस्थेच्या सेक्रेटरींनी मुलींना धीर द्यायला एक महाराज पाठवले होते. त्यांनी धीर असा दिला : माणसाची पापं वाढली की देव रागावतो, देव रागावला की धरणी कापते. देवाने माणूस भक्तीसाठी घडवला, माणूस ते विसरला, म्हणून हे. समोर चाळीस पोरी, अर्ध्यांच्या आया वसईकडे वीटभट्टीवर. ह्यांनी कसलं पाप केलं असेल? फार तर एकमेकींचं खोडरबर चोरलं असेल. मी मागे उभी राहून दात खात होते. पण बोलले नाही. शेवटी पायाही पडले.

महाराज गेल्यावर मुली त्यांनी वाटलेले लाडू खाऊन हात धुवायला रांगेत उभ्या होत्या. भिकी रांग सोडून माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, देवानं माणसं केलीच कशाला? परत मोडायचीच होती तर?"

आणि माझा हात उठला. का उठला कळत नाही. प्रश्न उद्धट नव्हता. झोप नसल्याने असेल.

१२ जानेवारी

सकाळच्या हजेरीला एकोणचाळीस. भिकी नाही, तिची पत्र्याची पेटी आहे.

आमचे मुख्याध्यापक, नविन नाव त्यांचं, म्हणाले, "घरी गेली असेल, येईल सोमवारी." मी वडापची इको गाडी पकडली आणि जिथे रस्ता संपतो तिथून चालत निघाले. पाच किलोमीटर तरी असेल. वाटेत सारखा विचार येत होता की ही पोर अंधारातून, थंडीतून एवढं चालत आली असेल तर माझ्यापासून काय वाचवायला?

पाड्यावर ती होती. आजोबाच्या घरासमोर बसून चिखल तुडवत होती. तिचे वडील नाहीत, आई भट्टीवर, तिला सांभाळतो तो आजोबा, लडक्या. त्याच्या कुडाची भिंत धक्क्यांनी फुगली होती, तो ती उकलून परत लिंपत होता. मला बघून उठला नाही.

"तू मारलंस?"

"हो."

"काय केलंन तिनं?"

"प्रश्न विचारला."

त्याने हातातला गोळा भिंतीवर थापला. "इचारलंन म्हणून मारलंस. मग शाळंत पाठवायची कशाला? न इचारता घरीच राहील."

मी म्हटलं, बाबा, चूक झाली, तिला परत न्यायला आलेय. भिकी आत निघून गेली. लडक्याने मला उन्हात अर्धा तास तसंच बसवून ठेवलं. मग नागलीची भाकर आणि जवळ्याची चटणी पुढे ठेवली आणि विचारलं, "तुला पोरं किती?"

"नाहीत."

परत येताना इकोत लक्षात आलं, मी खोटं बोलले. एक होती. अकरा दिवस होती. बाराव्या दिवशी बारसं होतं, पेढे सांगून झाले होते. सहा वर्षं झाली. त्याचा ह्या गोष्टीशी काही संबंध नाही, उगाच लिहिलं.

१६ जानेवारी

संस्थेकडून कागद आला. "सदर वसतिगृहाची इमारत मुलींच्या निवासास योग्य असून मुली इमारतीतच निवास करीत आहेत." खाली अधीक्षिकेची सही. तपासणी येणार आहे. ताडपत्रीखाली मुली दिसल्या तर शाळेची मान्यता जाईल म्हणे.

इंजिनिअर आला नाही. कुणी भिंतीला हात लावून बघितलं नाही.

नविन सर वाईट माणूस नाहीत. हळूच म्हणाले, "करून टाका, मॅडम. मी पण केली. शाळाच बंद झाली तर ह्या पोरी जातील कुठे? भट्टीवर."

सही केली. मुली आत गेल्या.

भिकीची पेटी कोपऱ्यात तशीच आहे. बरं झालं ती नाही, असं मनात आलं. त्या विचाराचीच मला चीड आली.

२० जानेवारी

रविवार. नरपडला आईकडे गेले. आई, हंसा नाव तिचं, किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील टांगत होती. मी पण हात लावला. दोन दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे, बोटं आपोआप चालतात, डोकं रिकामं राहतं. रिकाम्या डोक्यात नको ते येतं.

"आई, देवाने माणसं कशाला केली असतील ग?"

"मना काय म्हाईत. त्याला इचार."

"तू रोज देवळात जातेस, तूच विचार."

आई थांबली. "कोण जाते? सहा वर्सं झाली, मी देवळाची पायरी चढले नाय."

मला वाटलं ती थट्टा करते. थट्टा नव्हती. माझी पोर गेली त्या दिवसापासून ती गेलेली नाही. पालखीला नाही, नारळी पुनवेला नाही. घरातल्या देवांसमोर वहिनी दिवा लावते. मी दर महिन्याला येते आणि मला दिसलं नव्हतं.

"मना सांगितलं का नाहीस?" रागात माझीही नरपडची भाषा बाहेर आली.

"तू बोलून देत होतीस? कुणी तोंड उघडलं का तू उठून जायचीस. मी म्हटलं, हिचा राग हिच्याकडे, माझा माझ्याकडे."

"मग आता त्याच्याशी भांडण कधीपर्यंत?"

"त्यानं आधी बोलावं. मी नाय बोलणार."

आणि परत बोंबील टांगायला लागली. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे गेलेले, देवाशी अबोला धरून बसली आहे आणि वर मला सांगते, जेवून जा. मला तिचा फार राग आला. बसमध्ये आशागडपर्यंत रडत आले, तेही रागानेच.

२४ जानेवारी

सकाळी सव्वासहा. मुली आत होत्या, कुणी वेण्या घालत होत्या, कुणी अंघोळीच्या रांगेत. मोठा धक्का. मी इतका मोठा अजून बघितला नव्हता. दिवे गेले. हॉलला दरवाजा एकच, तोही आत उघडणारा. एकोणचाळीस मुली एकदम त्याच्यावर गेल्या. मी बाहेरून ढकलत होते, त्या आतून. दरवाजा हलेना. स्वयंपाकीण पुष्पाताई खिडकीतून ओरडली, "मागं सरा ग, मागं सरा." कुणाला ऐकू जात नव्हतं.

शेवटी उघडला. सगळ्यांच्या खाली दुसरीतली धाकली नावाची पोर होती. तिचा उजवा हात कोपराच्या वर मोडला.

तिला डहाणूला सरकारी दवाखान्यात नेलं. जीपमध्ये ती माझ्या मांडीवर होती. रडली नाही. फक्त विचारत होती, "बाई, मी काय केलं?" महाराजांचं प्रवचन तिने नीट ऐकलं होतं.

तिने काही केलं नाही. मी केलं. सही माझी आहे.

प्लास्टर होईपर्यंत सेक्रेटरींचा फोन आला. "देवाची कृपा, हातावर निभावलं."

मी दवाखान्याच्या आवारात उभी राहून त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. रुग्णांचे नातेवाईक बघत होते. देवाची कृपा म्हणे. देव तिथे असता तर त्यालाही तेच ऐकवलं असतं. एवढं करायचं होतं तर माणसं घडवली कशाला? तुला जंगल होतं, समुद्र होता, बोंबील होते, कासवं होती. कुणी तक्रार करत नव्हतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी हेच म्हणत होते, मोठ्याने. मग लक्षात आलं की हा भिकीचाच प्रश्न आहे, शब्दसुद्धा जवळपास तिचेच.

२५ जानेवारी

पेट्या, चटया, घोंगड्या सगळं बाहेर काढलं. पुष्पाताई, मी आणि सातवीतल्या मुली. नविन सर व्हरांड्यात उभे होते. थोड्या वेळाने शर्टाच्या बाह्या सरसावून आले आणि एक पेटी उचलली. वसतिगृहाला कुलूप लावून किल्ली मी माझ्याकडे ठेवली.

मग कागद घेऊन लिहिलं : १६ तारखेच्या दाखल्यावरची माझी सही मी मागे घेत आहे. इमारत मी तपासलेली नव्हती. एक प्रत संस्थेला, एक तहसीलदारांना. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोस्टातल्या माणसाने पत्ता वाचून माझ्याकडे नीट बघितलं.

२८ जानेवारी

सेक्रेटरी स्वतः आले. खुर्चीवर बसले, मला उभं ठेवलं.

"मॅडम, सही मागे घेता येत नाही."

"धाकलीचा हातही मागे घेता येत नाही."

"तुम्ही भावनेच्या भरात आहात. तुमची परिस्थिती आम्हाला माहीत आहे. स्वतःचं मूल नसलं की बाई अशी..." आणि त्यांनी चहाचा कप उचलला.

मी शांत राहिले. मला स्वतःला आश्चर्य वाटतं. म्हटलं, "साहेब, आज तुम्ही आत झोपा. चिरेच्या बाजूला चटई टाकून देते. उद्या सकाळी तुम्ही म्हणाल ते मी लिहून देईन."

ते उठले. गाडीपाशी नविन सरांना म्हणाले, ह्या बाईंचं काहीतरी करावं लागेल.

२ फेब्रुवारी

परत लडक्याच्या पाड्यावर गेले. ह्या वेळी पोरीला न्यायला म्हणून नाही. माफी मागायला. भिंत पूर्ण झाली होती, ओल अजून वाळायची होती. लडक्या ताडी काढायला झाडावर चढला होता. भिकी एकटीच शेळीला पाला घालत होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "मी तुला मारलं ते चूक. तुझा प्रश्न बरोबर होता."

ती शेळीकडेच बघत होती. "मग मारलं का?"

काय सांगणार? झोप नव्हती, असं सांगणार होते. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मला एक मुलगी होती. अकरा दिवसांची होऊन गेली. तू विचारलंस तेच मला सहा वर्षं विचारायचं होतं. मला कुणाला विचारता आलं नाही. तू विचारलंस, म्हणून राग आला."

एवढं एका दमात मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो मला सोडून गेला त्याला हेही कारण असेल.

भिकीने पाला खाली ठेवला. "नाव काय तिचं?"

"ठेवलं नव्हतं. बारसं व्हायचं होतं."

"मग हाक कशी मारायचात?"

मला आठवेना. खरंच आठवेना. मग आठवलं. पाळण्यात बोट घालून मी म्हणायचे, "ए चिमणे, बघ इकडे." ती बघायची नाही. तिला अजून बघता येत नव्हतं. तरी मी म्हणायचे.

"चिमणी," मी म्हटलं.

"हां," भिकी म्हणाली. "मग होतं की नाव."

शेळीने माझ्या ओढणीचं टोक चावलं. लडक्या ताडीचं मडकं घेऊन उतरून आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, भिकीकडे पाहिलं. पळसाच्या पानाचा द्रोण करून, त्यात ताडी ओतून माझ्या हातात दिला. "गोड आहे, चढायची नाय."

भिकी माझ्याबरोबर आली. वाटेत म्हणाली, "पण उत्तर नाय दिलंत." मी म्हटलं, मला येत नाही. तिने मान डोलावली. एवढं मोठं माणूस येत नाही म्हणतं, ह्याचं तिला काही विशेष वाटलं नाही.

६ फेब्रुवारी

नोटीस आली. "आपण वरिष्ठांची परवानगी न घेता वसतिगृहास कुलूप लावले, शासकीय कार्यालयाशी परस्पर पत्रव्यवहार केला. याबाबत आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अन्यथा..."

जेवणाच्या रांगेजवळ उभी राहून वाचत होते. भिकीने उलट्या बाजूने अक्षरं लावली.

"खुलासा म्हणजे काय, बाई?"

"आपण जे केलं ते का केलं, ते सांगायचं."

"तुम्ही सांगणार?"

"सांगावं लागतं. तीन दिवसांत."

ती विचार करत राहिली. "देवाला कोण नोटीस देत नाय?"

मागे उभ्या मुली हसल्या. मलाही हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला तीन दिवस, आणि त्याला मुदतच नाही. माझी चिमणी गेली त्याचा खुलासा नाही. धाकलीच्या हाताचा नाही. ह्या पोरींच्या आया आठ महिने भट्टीवर का, त्याचा नाही. आणि वर त्याच्या वतीने खुलासे द्यायला महाराज पाठवतात, लाडूसकट.

८ फेब्रुवारी

पाठवलेला खुलासा उतरवून ठेवते, नंतर कुणी बदलू नये म्हणून.

"इमारतीच्या दक्षिण भिंतीस चीर आहे. दरवाजा एकच असून आत उघडतो. दि. २४ जानेवारी रोजी इयत्ता दुसरीतील मुलीचा हात मोडला. त्यापूर्वी मी न तपासता सही केली, हा माझा दोष असून त्याबद्दल होईल ती शिक्षा मान्य आहे. कुलूप लावण्याबद्दल मला खेद नाही. मुली बाहेर झोपतात, मी त्यांच्यासोबत बाहेर झोपते. इमारत योग्य असल्याचे इंजिनिअरने लिहून देईपर्यंत किल्ली मी देणार नाही."

नविन सरांनी वाचलं. पेन मागून घेतलं. खाली लिहिलं, "मी सहमत आहे", आणि सही केली. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिली आहेत.

१७ फेब्रुवारी

मधले दिवस धावपळीचे गेले. तहसीलदारांकडून इंजिनिअर आला. चिरेवर सिमेंटने काचेची पट्टी बसवली. म्हणाला, भिंत हलत असेल तर काच फुटेल. तिसऱ्या दिवशी काच दोन तुकडे होऊन पडली. इमारत वापरायची नाही, असा कागद आला. मोठे तंबू आले, जमिनीवर अंथरायला फळ्या आल्या.

सेक्रेटरींनी मला फोन केला नाही. पत्र पाठवलं. जूनपासून माझी बदली, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, तिथे वसतिगृहच नाही. बढतीची जागा आहे असं लिहिलंय. मुलींपासून लांब ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ. मला राग आहे आणि तो जाणार नाही, जायला नकोही आहे. भांडण जूनमध्ये करीन. तोपर्यंत चार महिने आहेत.

धाकलीचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. त्याच्यावर सगळ्यांनी नावं लिहिली आहेत. तिनेच मागे लागून लिहून घेतली.

आज संध्याकाळी जेवताना भिकी माझ्याशेजारी येऊन बसली. "बाई, मला सापडलं."

"काय?"

"देवानं माणसं कशाला केली ते. महाराज म्हणाले ना, देवाला राग येतो. पण एकट्याला राग कुणावर येणार? त्याला पण कोणतरी पाहिजे होतं."

पुष्पाताई वाढता वाढता थांबली. मी म्हटलं, "आणि आपल्याला राग आला तर?"

"तो पण त्याच्यावरच. आपल्याकडे दुसरं कोण हाय?"

आईला हे सांगायला हवं, असं वाटलं. ती मान्य करणार नाही.

तेवढ्यात धक्का आला. आधी तो आवाज, मग ताटं हलली, आमटीवर वर्तुळं उठली. तंबूत होतो, त्यामुळे कुणी उठलं नाही. सगळ्या ताट धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी जेवत राहिले, म्हणून त्याही जेवायला लागल्या.

भिकीने जमिनीकडे बघितलं. "कळलं, कळलं," म्हणाली, आणि आणखी भातासाठी ताट पुढे केलं.